आधी तुडूम, मग मासे

भिवटोल्याच्या तुळसा डहारेनं देवापुढं नारळ फोडायला आयुष्यात एकदाच नकार दिला. ती नास्तिक नव्हती. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली माता मायचे शेंदूर लावलेले दगड आहेत. शिंगाड्याची पहिली टोपली तिथं ठेवल्याशिवाय ती अड्याळच्या बाजाराची वाट धरत नसे. पण १९८१ च्या वैशाखात पंचायतीनं मासे धरणाऱ्या ढिवरांकडून पाच नारळ मागितले, तेव्हा ती म्हणाली, "देवीनं मागितले तं पन्नास देईन. केशवराव सरपंचानं मागितले तं एक बी नाही."

पाच नारळांनी सगळं मिटणार होतं. तलाव ढिवरांकडंच राहणार होता. न फोडले, तर तो जाणार होता.

भिवटोला अड्याळपासून दोन कोसांवर. गाव धानाचं, आणि धानाला पाणी मालगुजारांच्या काळातल्या तलावाचं. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पलीकडून टेकून ढिवरांची बावीस घरं, ती ढिवरटोली. तलावातली मासेमारी पंचायत या बावीस घरांना पट्ट्यानं देई, आणि पट्ट्याच्या कागदावर टोलीतले पाच कर्ते अंगठा लावत. त्या पाचांत तुळसाचा नवरा इश्वर होता. शहात्तर साली तो तापानं गेला. पाचांतलाच त्याचा थोरला भाऊ धनीराम आता त्याच्या वाटचाही अंगठा लावील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कागदाच्या दिवशी तुळसा पदर सारखा करून पंचायतीत आली आणि शाईच्या डबीशेजारी बसली. ग्रामसेवकानं विचारलं, "तू कायले?"

"इश्वरचा अंगठा गेला. माहा हाये," ती म्हणाली, आणि उठली नाही.

टोलीतले पुरुष जाळं टाकत. जाळं टाकणारा माणूस जाळ्याकडं बघतो. तुळसाचं काम वेगळं होतं. ती डोंग्यात, लाकडाच्या अरुंद होडीत, पालथी पडून पाण्यात हात घाली आणि गाळातून कमळाच्या ढेसा उपटून काढी. ढेसा म्हणजे कमळाची मुळं, बाजारात भाजीसाठी जातात. या कामात दिवसभर तोंड पाण्याकडं. वीस वर्षं ती तलावाचा तळ बघत आली होती, आणि तळाला काय चालतं हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला तिकडं बघायचं कारणच नव्हतं.

तळाला गाळ होता. गाळात कमळाची पानं, शिंगाड्याचे वेल आणि सन, म्हणजे ताग. गावातले शेतकरी धानाच्या बांधाधुऱ्यांवर सन पेरत. कापणी झाली की सनाच्या पेंढ्या तलावाच्या एका कोपऱ्यात दगडाखाली बुडवून सडवत, मग त्याचे दोर वळत. दोर घरी जाई, कुजका भाग तलावात राही. तो सडत सडत आत हवा धरी. ऊन तापलं की गाळातून मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे निघत. हे सगळ्यांना दिसे. पण कधी कधी गाळाचा लोंदाच्या लोंदा सुटे, आणि ते फक्त तुळसानं नीट पाहिलं होतं.

लोंदा एकदम सुटत नाही. आधी त्याची एक कड उचलते, जशी तव्यावर भाकर उचलते. मग तो तिरपा होतो, थोडा वेळ विचार केल्यासारखा अडतो आणि निघतो. सरळ वर येत नाही, डुलत येतो. वर येताना त्याच्या अंगातून बुडबुडे सुटतात. तळाशी ते ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, वर येईपर्यंत बोराएवढे होतात. लोंद्याच्या कडा झडतात, चुरा मागं लोंबत राहतो. मोठा लोंदा पाण्यावर येतो, पालथा होतो, फुस्स करून सारी हवा सोडतो आणि रिकामा होऊन पुन्हा तळाला जातो. लहान लोंदा येतच नाही. अर्ध्या वाटेत त्याची हवा संपते, आणि जिथं असेल तिथून तो विरघळत खाली बसतो. त्याची धूळ मात्र पाण्यात पसरते. पाणी काळपट होतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

बहात्तर साली पाऊस कमी झाला आणि तलाव तळाला गेला. इश्वरनं ओल्या गाळावर उभं राहून बिडी पेटवली नि काडी खाली टाकली. गाळातल्या भोकावर निळा जाळ भडकला आणि विझला. भुताटकी आहे म्हणून सगळे पळाले. तुळसानं बांबूची काठी दुसऱ्या भोकात खुपसली आणि इश्वरला ओरडून सांगितलं, "काडीपेटी फेका न इकडं!" तेही पेटलं. तिसरं नाही पेटलं. भुताटकी असती तर तिन्ही पेटली असती, असं तिचं म्हणणं.

एक्याऐंशीच्या चैत्रात सरपंच केशवराव पाटलांनी आपल्या बारा एकरांत उन्हाळी धान लावलं. त्यांचं बघून आणखी आठ-दहा घरांनी लावलं. उन्हाळ्यात धान म्हणजे तलावाचं पाणी. तलावाच्या पोटातून पाणी सोडायचा दगडी दरवाजा असतो, त्याला तुडूम म्हणतात. वैशाख लागला तसं तुडूम उघडलं आणि आठ दिवस उघडंच राहिलं. पाणी चार हात उतरलं. आठव्या दिवशी ते बंद केलं. नवव्या दिवशी सकाळी तलावावर रोहू आणि कतला पांढऱ्या पोटानं तरंगत होते.

गावात तासाभरात कारण ठरलं. ढिवरांनी गेळ टाकली. गेळ हे जंगलातलं फळ. कुटून पाण्यात टाकलं की मासे गुंगतात आणि हातानं उचलता येतात. गुरं त्याच तलावाचं पाणी पितात. एका म्हशीनं त्या दिवशी चारा सोडला होता, तेवढं पुरलं.

केशवराव वाईट माणूस नव्हते. भांडण मिटवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, कारण त्यांना भांडण मिटलेलं हवं असे, खरं-खोटं ठरलेलं नव्हे. त्यांनी धनीरामला बोलावलं.

"चूक झाली म्हना, माता मायले पाच नारळ फोडा, विषय खतम. पट्टा तुमचाच. नाहीतं लोक आयकनार नाहीत, धनीराम. पवनीचा ठेकेदार तलाव मागूनच राहिला. ज्येष्ठात पट्टा सरते, तवा त्याले द्या म्हनतीन."

धनीरामनं हात जोडले आणि टोलीत येऊन सांगितलं, की नारळ आणायचे.

आता इथं एक अडचण होती. धनीराम तुळसाचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी भावसुनेनं बोलायचं नसतं, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तुळसा धनीरामशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की ती अंगणातल्या बकरीला सांगे आणि धनीराम ऐके.

त्या संध्याकाळी ती त्याच्या अंगणात आली, पदर ओढला आणि बकरीपुढं बसली.

"बकरे, तुह्या मालकाले इचार, गेळ कोनं टाकली?"

धनीराम खाटेवर होता. तोही बकरीकडं बघून म्हणाला, "बकरे, तिले सांग, कोनं नाही टाकली. पन तलाव जाऊन राहिला."

"बकरे, न केलेल्या चोरीचे नारळ फोडले तं पुढच्या साली मासे मेले का पुन्हा फोडायचे का? दर साली फोडायचे का? अन् कोन्या साली मानूस मेला तं?"

"बकरे, तिले म्हन बावीस घरं हायेत. तिच्या एकटीच्या तोऱ्यावर चालत नाहीत."

धनीरामची बायको रंभाबाई चुलीपाशी होती. ती करवादली, "बकरीले इतकं समजते, तं बकरीलेच पंच करा न बाप्पा! आमाले रांधू द्या."

तुळसा उठली. जाताना बकरीला म्हणाली, "मालकाले सांग, मासे पान्यानं मेले. मी दाखवतो."

दाखवायचं कसं, हे तिला त्या क्षणी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अड्याळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे गोपीचंद गुरुजी तिचे ढेसांचे गिऱ्हाईक. तुळसानं ढेसा तोलता तोलता त्यांना सगळं सांगितलं. गुरुजी बाजारातल्या एका दगडावर बसले. लोंदा तिरपा कसा होतो, कुठं अडतो, बुडबुडा किती होता नि किती होतो, एकेक गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली.

"तुळसाबाई, पाण्याचं वजन असतं," ते म्हणाले. "वरून चार हात पाणी दाबतं आहे, तोवर गाळातली हवा गप बसते. तुम्ही वजन काढलं की ती फुगते. फुगली की गाळाला घेऊन उठते. तो सडका गाळ पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. मासा गुदमरतो."

"मंग तेच झालं."

"तेच झालं असणार." गुरुजींना बोलण्याचा जोर चढला होता. त्यांनी एका मासिकात वाचलं होतं, की खोल समुद्राच्या तळाशी हाच वायू असतो. तिथं पाणी बर्फाइतकं थंड, वरून मैलभर पाण्याचं ओझं. त्या ओझ्याखाली वायू पाण्यातच कोंडला जातो आणि दोघांचं मिळून बर्फासारखं काहीतरी पांढरं होतं. ओझं हटलं किंवा ऊब लागली, की त्याचा तुकडा सुटतो. तो पाण्याहून हलका, म्हणून वर निघतो. आणि वर येता येता फुटत, वितळत वायू सोडतो. काडी लावली तर तो बर्फ जळतो म्हणे.

"पान्यावर पोचते का थो तुकडा?" तुळसानं विचारलं.

"मोठा असला तर पोचतो. लहान वाटेतच संपतात, असं लिहिलं होतं."

"सरळ येते का डुलत?"

"ते काही लिहिलं नव्हतं."

"मंग लिहिनाऱ्यानं वरतूनच पाहिलं असंन," तुळसा म्हणाली आणि ढेसा त्यांच्या पिशवीत टाकल्या.

गुरुजींनी तिला शाळेतली एक रुंद तोंडाची काचेची बाटली दिली आणि ती कशी भरायची ते समजावलं. सभेला मात्र ते येणार नव्हते. "मी सरकारी माणूस. माझं नाव घेऊ नका."

"नाव कायले घ्याचं? बुडबुडे तुमचे थोडेच हायेत."

सभा सोमवारी सकाळी तलावाच्या पाळीवरच भरली. एका बाजूला गाव, एका बाजूला टोली. पाच नारळ धनीरामपुढं टोपलीत होते. केशवराव खुर्चीवर, ग्रामसेवक वहीसह शेजारी, कोतवाल जागेश्वर काठी घेऊन मागं. केशवरावांनी गळा साफ केला, तेवढ्यात तुळसा उभी राहिली.

"पाटील, गेळ टाकली तं मरळ बी उलटी होते. या डावाले रोहू मेला, कतला मेला, मरळ एक बी मेली नाही. मरळ वर येऊन तोंडानं हवा घेते. पान्यातली हवा सरली म्हून बाकीचे मेले."

केशवराव हुशार होते. "गेळीनं मरळ उलटी होते हे तुले कसं माहीत? कुठी पाहिली?"

गावाच्या बाजूला हशा पिकला.

"माह्या बापानं जंगलातल्या नाल्यात टाकली होती. मी सात-आठ वर्साची होती, टोपलं धरून उभी होती," तुळसा म्हणाली. "नाल्यात टाकली. तलावात नाही. केलं थे सांगतो मी, पाटील. न केलेलं नाही सांगत."

मग ती डोंगा घेऊन पाण्यात गेली. बाटली पाण्यात बुडवून भरली, उलटी धरली, खाली रॉकेलचं नरसाळं लावलं आणि बांबूनं गाळ ढवळला. बुडबुडे नरसाळ्यातून बाटलीत चढले, पाणी खाली उतरत गेलं. अर्धी बाटली भरल्यावर तळहातानं तोंड झाकून तिनं ती पाळीवर आणली आणि जागेश्वरला काडी ओढायला सांगितलं.

काडी ओढली. काहीच दिसलं नाही. वैशाखाचं ऊन इतकं लख्ख होतं, की असला-नसला जाळ त्यात हरवून गेला.

"कुठी हाये तुही आग?" कुणीतरी ओरडलं. "घरी इसरली का?"

जागेश्वर नीट बघावं म्हणून बाटलीवर वाकला. पुढच्या क्षणी तो "अगा माय!" करून मागं उडाला. त्याची उजवी भुवई अर्धी झाली होती. जळल्या केसांचा वास पाळीभर पसरला. आता हसणारे वेगळे होते.

"दिसली का, कोतवाल?" तुळसानं विचारलं.

"दिसली नाही," जागेश्वर भुवई चोळत म्हणाला. "पन होती."

केशवराव हसले नाहीत. ते म्हणाले, "मानलं, गॅस हाये. मागच्या साली बी असंन, त्याच्या मागच्या साली बी. मंग मासे याच साली काहून मेले?"

प्रश्न रास्त होता.  धनीरामनं टोपली पुढं सरकवली.

"याच साली चार हात पानी उतरलं म्हून," तुळसा म्हणाली. "पान्याचं ओझं व्हतं तवरी थे दबून व्हतं. मागच्या साली उन्हाळी धान नव्हतं. तुडूम पोळ्याच्या मागंपुढं उघडते, तवा तलाव भरला असते."

"म्हंजे मासे मी मारले?"



"मी थे नाही म्हटलं, पाटील. तुमी म्हटलं. मी म्हनतो, पाहून घ्या. तुमचं धान पान्याले आलंच हाये. आज तुडूम उघडा. वीतभर पानी उतरू द्या, बंद करा. मी आता तीन बांबू रोवतो. परवा दुपारी त्या बांबूपाशी लोंदे उठतीन. नाही उठले तं पाच नाही, पंचवीस नारळ मी एकटी फोडीन, अन् गेळ मीच टाकली म्हून सांगीन. टोलीचं नाव नाही, माहंच."

केशवरावांना तुडूम उघडायचंच होतं. मासे मेल्यापासून लोकांच्या धाकानं ते पुन्हा उघडता आलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. तुळसा डोंग्यातून गेली आणि सन सडवायच्या कोपऱ्यापुढं, खोल बाजूला, तीन बांबू रोवून आली. कुठं रोवायचे ते तिनं मनाशी आधीच ठरवलं होतं. किनाऱ्यालगतचा गाळ पहिल्या वेळी उठून रिकामा झाला होता. त्यापुढचा अजून भरलेला होता.

त्या दोन दिवसांत टोलीत तिच्याशी कुणी धड बोललं नाही. रंभाबाई तेवढी विहिरीवर म्हणाली, "तुह्या लोंद्याले सांगून ठेव बाई, येळेवर यायले."

परवाची दुपार आली. सगळं गाव पाळीवर होतं, बैलांच्या शंकरपटाला जमावं तसं. पाणी वीतभर उतरून थांबलं होतं. बारा वाजले, काही नाही. एक वाजला. जागेश्वरनं अर्ध्या भुवईवर पंचा ओढून घेतला. लोक घरी जायला उठू लागले. तुळसा डोंग्याच्या टोकाला बसून होती. तिनं त्यांना थांबा म्हटलं नाही. तिला ठाऊक होतं, की वरचं पाणी तापतं तेव्हा तळ तापत नाही. तळाला ऊन उशिरा पोचतं.

दोनच्या सुमाराला मधल्या बांबूपाशी मण्यांची माळ निघाली. मग दोन माळा. मग पाणी थोडं फुगल्यासारखं झालं, आणि सुपाएवढा काळा लोंदा पाण्यावर येऊन पालथा पडला. फुस्स असा आवाज पाळीपर्यंत आला. लोंदा बुडाला. त्याच जागी आणखी एक आला. पहिल्या बांबूपाशी तीन आले, एकामागून एक, आणि तिसरा वर येता येता फुटला. त्याचे तुकडे चारी बाजूंना गेले आणि वर फक्त काळं पाणी पोचलं. वास आला. लोकांनी नाकाला पदर, पंचे लावले. थोड्या वेळानं दोन रोहू तोंडं उघडी ठेवून पाण्यावर आले.

तिसऱ्या बांबूपाशी काहीच झालं नाही.

"तिसरा चुकला," केशवराव म्हणाले.

"चुकला," तुळसा म्हणाली. "दोन नाही चुकले."

केशवराव पाण्याकडून वळले. मग त्यांनी ग्रामसेवकाला वही काढायला सांगितली. टोलीचा पट्टा पुढच्या सालासाठी मंजूर, आणि मासे नैसर्गिक कारणानं मेले अशी नोंद. पाळीवरच कागद झाला. शाईची डबी आली.  पाचांतला पहिला अंगठा धनीरामचा. त्यानं अंगठा शाईत बुडवला.

तुळसानं ग्रामसेवकाला विचारलं, "काय लिहिलं थे वाचा."

त्यानं वाचलं.

"नैसर्गिक म्हंजे?"

"म्हंजे आपोआप. कोनाची चूक नाही."

"तुडूम आपोआप उघडलं का?"

ग्रामसेवकानं केशवरावांकडं बघितलं. केशवराव म्हणाले, "तुळसा, तलाव भेटला न तुले? आता कायले तानतं?"

धनीरामचा शाई लागलेला अंगठा कागदावर उतरत होता. तेव्हा तुळसा बोलली. बकरी तिथं नव्हती.

"भासरेजी, अंगठा लावू नोका."

तळातून वर आलेल्या लोंद्यांनी जितका गाव हबकला नव्हता, तितका या चार शब्दांनी हबकला. रंभाबाईनं तोंडावर हात घेतला. धनीरामचा अंगठा कागदापासून बोटभर अंतरावर थांबला. त्यानं बावीस वर्षांत पहिल्यांदा भावसुनेकडं सरळ बघितलं. ती पदर न सावरता त्याच्याकडंच बघत होती.

धनीराम हिशेबी माणूस होता. तलाव हातात आलेला होता. पण ही बाई रीत मोडून बोलली, म्हणजे ती मागं फिरणार नाही, हे त्याला इतरांआधी कळलं. त्यानं अंगठा धोतराला पुसला.

"ती काय म्हनते थे लिहा," तो म्हणाला.

"सरपंचावर आरोप लिहू का मी?" ग्रामसेवक चिडला.

"आरोप नोका लिहू," तुळसा म्हणाली. "काहून मेले थे बी नोका लिहू. आंधी काय झालं अन् मंग काय झालं, इतकंच लिहा. आंधी तुडूम उघडलं, चार हात पानी उतरलं. मंग मासे मेले. हे खोटं हाये का, पाटील? खोटं असंन तं सांगा, मी आताच अंगठा लावतो."

केशवराव खुर्चीतून उठले. चपला घातल्या. दोन पावलं गेले आणि मागं न बघता म्हणाले, "लिहा. खोटं नाही थे."

वहीत नोंद झाली: 'वैशाखात तुडूम उघडून तलावाचे पाणी चार हात उतरविण्यात आले. त्यानंतर मासे मेले.' त्याखाली पाच अंगठे आहेत. चौथा तुळसाचा, इतरांच्या मानानं लहान आणि फार दाबून लावलेला.

केशवरावांनी माफी मागितली नाही, तिनं वाट बघितली नाही. उन्हाळी धान त्यानंतरही लागत राहिलं, तुडूम उघडत राहिलं. सन सडवायचा कोपरा पंचायतीनं बदलावा असं गोपीचंद गुरुजींनी एकदा पत्रानं सुचवलं, खाली सही न करता. तो बदलला नाही. पण ब्याऐंशीपासून तुडूम उघडायच्या आधी कोतवालानं ढिवरटोलीत येऊन सांगायचं, असा पायंडा पडला. हे कुठं लिहिलेलं नाही. टोली आधी जाळी टाकून मोठे मासे काढून घेते, मग पाणी सुटतं.

तुळसा भासऱ्याशी पुन्हा बोलली नाही. एकदा बोलली ते कामापुरतं, असं ती म्हणे. ती बकरी मेल्यावर रंभाबाईनं बाजारातून दुसरी आणली. घरात बकरी नसली तर या दोघांचं भांडण कसं व्हायचं, हे तिनं दिलेलं कारण.

शहाऐंशीच्या वैशाखात जागेश्वर नेहमीप्रमाणं टोलीत आला. भुवई केव्हाच उगवली होती, थोडी वाकडी. तुळसा डोंग्याला डांबर लावत होती.

"पाटील म्हनते, उद्या तुडूम उघडतो."

"किती?"

"तीन हात."

"एक सांग. मंग चार दिस थांबा, मंग एक."

"अन् तिसरा?"

तुळसानं डांबराचा हात थांबवला आणि पाण्याकडं बघितलं. सनाच्या कोपऱ्यापुढं एक बारीक माळ वर येत होती.

"तिसरा नाही," ती म्हणाली. "पाटील इचारतीन तं वही काढाले सांग."

जागेश्वर गेला. दुसऱ्या दिवशी तुडूम उघडलं आणि पाणी एक हात उतरल्यावर बंद झालं.